मुंबई युनिव्हर्सिटीचं बीएमएस फायनान्स: घ्यावं की नाही, माझा रिव्ह्यू

बीएमएस म्हणजे बॅचलर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज, त्यातलं फायनान्स स्पेशलायझेशन. पाचपैकी साडेतीन. अर्धा स्टार ब्लॅकबुकच्या, म्हणजे शेवटच्या सेमच्या प्रोजेक्टच्या नावाने कापलाय आणि एक अख्खा कशाला कापलाय ते खाली येईलच, ते जरा मोठं आहे.

माझ्या मावसबहिणीने यंदा बारावी कॉमर्स केलं आणि तेव्हापासून मावशीचे फोन चालू आहेत, अगं तू केलंस ना ते बीएमएस, त्यात फायनान्स घेतलं की बँकेत लागते का पोरगी, की सीएच करू दे तिला, आणि ते चार वर्षांचं काय म्हणतायत. तुकड्यातुकड्यात उत्तरं देऊन दमले, म्हणून आता एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे बाकीच्यांनाही पाठवता येईल. मी २०१९ ला पास झाले, कल्याण साइडच्या एका कॉलेजातून. कॉलेजचं नाव लिहिणार नाहीये, रिव्ह्यू कोर्सचा आहे. आधी ऐरोलीला फंड अकाउंटिंगमध्ये होते, आता एका एनबीएफसीत (बँक नसलेली, कर्ज देणारी कंपनी) क्रेडिटला आहे, म्हणजे छोट्या धंदेवाल्यांचे कागद बघायचे आणि कर्ज द्यायचं की नाही ते सांगायचं.

सगळ्यात आधी नावाचा गोंधळ, कारण ॲडमिशनच्या वेळी निम्मे पालक इथेच अडकतात. २०२४ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे कोर्स एआयसीटीईखाली (तांत्रिक शिक्षणाची केंद्रीय परिषद) गेले आणि महाराष्ट्रात त्यांना सीईटी लागली. पहिल्याच वर्षी सीटा जास्त आणि परीक्षा दिलेली पोरं कमी अशी गत झाली, मग परत एकदा सीईटी घ्यावी लागली. कॉलेजवाले पण काय कमी नाहीत, बऱ्याच जणांनी बीएमएसचं बीकॉम मॅनेजमेंट स्टडीज करून टाकलं, त्याला सीईटी लागत नाही. त्यामुळे फॉर्म भरताना कोर्सचं नाव नीट वाचा, आणि कॉलेजात सरळ विचारा की डिग्रीवर काय छापून येणार. शिकवणारे सर बऱ्याच ठिकाणी तेच आहेत. मी लिहितेय ते आमच्या वेळच्या सहा सेमिस्टरच्या बीएमएसबद्दल, नवीन पॅटर्नचं पुढे बोलते.

एफवायमध्ये, म्हणजे पहिल्या वर्षी, फायनान्स असं फारसं नसतंच हे आधीच सांगते, नाहीतर पोरगी दोन महिन्यांत घरी येऊन म्हणेल हे काय चाललंय. पहिल्या सेमला फायनान्शियल अकाउंट्सची ओळख, बिझनेस लॉ, स्टॅटिस्टिक्स, ह्यूमन स्किल्स, कम्युनिकेशन, फाउंडेशन कोर्स. दुसऱ्या सेमला मार्केटिंग, इंडस्ट्रियल लॉ, मॅथ्स वगैरे. कॉमर्समधून आलेल्यांना अकाउंट्स म्हणजे बारावीची उजळणी, सायन्समधून आलेल्यांची मात्र फे फे उडते, आणि स्टॅट्सला बरोबर उलटं होतं. स्पेशलायझेशन एसवायला (दुसऱ्या वर्षी) घ्यायचं, फायनान्स, मार्केटिंग किंवा एचआर. आमच्याकडे मार्केटिंगला गर्दी, कारण सम्स नाहीत. फायनान्सचा वर्ग त्यामानाने छोटा होता आणि खरं सांगू का, हाच कोर्सचा एक फायदा निघाला, मागच्या बाकावर लपता येत नव्हतं.

आता खरा माल. तिसऱ्या सेमपासून कोर्स पैसे वसूल करायला लागतो. अकाउंटिंग फॉर मॅनेजेरियल डिसिजन्स नावाचा पेपर आहे, आम्ही एएमडी म्हणायचो, त्यात रेशो ॲनालिसिस, कॅश फ्लो स्टेटमेंट आणि वर्किंग कॅपिटल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा. जोडीला कॉर्पोरेट फायनान्स, त्यात टाइम व्हॅल्यू ऑफ मनी, लेव्हरेज, कॅपिटल स्ट्रक्चर. ज्याला हे दोन पेपर मनापासून कळले त्याचं पुढचं सगळं सोपं जातं असं माझं मत आहे. टीवायला (तिसऱ्या वर्षी) मग इन्व्हेस्टमेंट ॲनालिसिस, कमोडिटी अँड डेरिव्हेटिव्ह्ज, वेल्थ मॅनेजमेंट, रिस्क मॅनेजमेंट, डायरेक्ट टॅक्स, आणि शेवटच्या सेमला स्ट्रॅटेजिक फायनान्शियल मॅनेजमेंट उर्फ एसएफएम, इंटरनॅशनल फायनान्स, प्रोजेक्ट मॅनेजमेंट, इनडायरेक्ट टॅक्स. कागदावर असं आहे की सहापैकी चार इलेक्टिव्ह तुम्ही निवडायचे, प्रत्यक्षात कोणत्या विषयाला मास्तर मिळाला त्यावर कॉलेजच ठरवतं आणि नोटीस बोर्डावर लावतं. आणि हो, शेवटच्या सेमला सगळ्यांना कम्पलसरी ऑपरेशन रिसर्च. असाइनमेंट, ट्रान्सपोर्टेशन, नेटवर्क, सीक्वेन्सिंग. मार्केटिंगवाले ज्या सम्सपासून पळाले होते त्या तिथे दाराशी उभ्या असतात. आमच्या बॅचला सगळ्यात जास्त केट्या (नापास होऊन राहिलेले विषय) त्यातच लागल्या, पण फायनान्सवाल्यांना तो स्कोअरिंग जातो, घाबरू नका.

एसएफएममधली एक टिपिकल सम सांगते, कारण माझा कापलेला स्टार इथेच आहे. मशीन १० लाखांचं, पाच वर्षं दरवर्षी ३ लाख कॅश इनफ्लो, डिस्काउंट रेट १२ टक्के, एनपीव्ही काढा, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशांची आजची किंमत वजा मशीनचा खर्च. पाच वर्षांचा ॲन्युइटी फॅक्टर ३.६०५, गुणिले ३ लाख म्हणजे १० लाख ८१ हजार ५००, त्यातून १० लाख वजा, एनपीव्ही ८१ हजार ५०० प्लस, प्रोजेक्ट ॲक्सेप्ट, उत्तराला चौकोन, पुढची सम. टेबल दिलेलं नसेल तर साध्या सिटिझनच्या कॅल्क्युलेटरवर १ भागिले १.१२ करून बरोबरचं बटण पाचदा दाबायचं आणि मग जीटी, फॅक्टर समोर हजर, ही ट्रिक कोणत्याही पुस्तकात नाही पण कॉमर्सच्या प्रत्येक क्लासमध्ये फिरते. अशा पन्नास सम्स केल्या की हात बसतो. मार्क मिळतात. चांगले मिळतात.

आता तीच सम घ्या आणि ३ लाखाच्या जागी २ लाख ७० हजार टाका, फक्त दहा टक्के कमी. एनपीव्ही साडेसव्वीस हजारांनी मायनसमध्ये जातो. म्हणजे अख्खा निर्णय त्या ३ लाखाच्या आकड्यावर उभा आहे, आणि तीन वर्षांत एकदाही, अगदी एकदाही कोणी विचारलं नाही की हे ३ लाख आले कुठून, कोणी ठरवले, कशावरून येतील. प्रश्नपत्रिकेत ते छापलेले असतात ना. १२ टक्के पण छापलेले, आयुष्य पाच वर्षं हे पण छापलेलं, स्क्रॅप व्हॅल्यू निल हे पण छापलेलं. आपण फक्त मधलं गणित करायचं जे एक्सेल एका फॉर्म्युल्यात करतं.

नोकरीत नेमकं उलटं असतं हो. माझ्याकडे भिवंडीचा पॉवरलूमवाला येतो, त्याला अजून लूम घ्यायचेत, त्याचा सीए प्रोजेक्शन बनवून देतो ज्यात विक्री दरवर्षी वीस टक्के वाढलेली असते, कारण सगळ्याच प्रोजेक्शनमध्ये वाढलेली असते. मग मी त्याची जीएसटी रिटर्न्स उघडते, करंट अकाउंटचं बँक स्टेटमेंट काढते, विक्री आणि खात्यात आलेले पैसे जुळतात का बघते, उधारी किती दिवसांची विचारते. तो म्हणतो पंचेचाळीस दिवस, मॅडम. लेजर बघितलं तर एकाच मोठ्या व्यापाऱ्याकडे तीन-तीन महिने पैसे अडकलेत आणि सूतवाल्याला मात्र आठवड्यात द्यावे लागतात. मग ऑपरेटिंग सायकल (माल घेतल्यापासून पैसे हातात येईपर्यंतचे दिवस) किती, वर्किंग कॅपिटल किती लागणार, हे सगळं मला येतं, कॉलेजनेच शिकवलं, त्याबद्दल तक्रारच नाही. नायक कमिटीची पद्धत, पुढच्या वर्षाच्या अंदाजित उलाढालीच्या वीस टक्के कर्जाची लिमिट, हे वाचलं तेव्हा वाटलं होतं पाच मार्कांची शॉर्ट नोट आहे, आज आठवड्यातून दोनदा वापरते. पण लेजरमधून आकडा काढणं, माणसाला प्रश्न विचारणं, त्याने सांगितलेल्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा हे ठरवणं, ह्यातलं काही म्हणजे काही सिलॅबसमध्ये नाही. एक स्टार त्याचा गेला.

रेशोचं पण तेच. करंट रेशो (वर्षभरात हातात येणारं भागिले वर्षभरात द्यायचं) आयडियल २:१, क्विक रेशो (तेच, पण स्टॉक सोडून) १:१, हे आम्ही पाढ्यासारखं पाठ केलेलं आणि २ पेक्षा कमी आला की उत्तरात लिहायचं, कंपनीची लिक्विडिटी समाधानकारक नाही. मोठ्या एफएमसीजी (साबण-बिस्किटांसारख्या रोजच्या वस्तूंच्या) कंपन्यांचे ॲन्युअल रिपोर्ट उघडून बघा, कित्येकांचा करंट रेशो दोनच्या आसपास पण नसतो आणि कंपनी मस्त चाललेली असते, कारण त्या डिस्ट्रिब्युटरकडून पैसे पटकन घेतात आणि सप्लायरला निवांत देतात. म्हणजे ज्याला आम्ही पेपरात वीक म्हणून पास झालो तीच त्यांची ताकद आहे. हे रिपोर्ट बीएसईच्या साइटवर फुकट असतात. कोणीतरी एसवायला हातात दिला असता तर काय बिघडलं असतं?

तसं सगळंच वाईट नव्हतं, एक व्हिजिटिंग सर होते, प्रॅक्टिसिंग सीए, संध्याकाळी त्यांचं ऑफिस असायचं म्हणून सकाळी सातचं लेक्चर घ्यायचे आणि आम्ही शिव्या घालत यायचो. आमचं पाचवं सेम चालू असताना, २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, आयएल अँड एफएस ह्या रस्ते-बोगद्यांसारख्या प्रकल्पांत पैसा घालणाऱ्या कंपनीचं प्रकरण फुटलं. सरांनी दोन लेक्चर सिलॅबस बाजूला ठेवला आणि फळ्यावर फक्त एवढंच लिहिलं की ह्या कंपनीला काही आठवड्यांपूर्वीपर्यंत ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरचं रेटिंग होतं, आणि विचारलं, मग तुम्ही क्रेडिट रेटिंगच्या उत्तरात काय लिहिणार? वर्ग गप्प. मग त्यांनी समजावलं की वीस-पंचवीस वर्षं चालणारे रस्ते नि बोगदे कमी मुदतीच्या पैशांवर उभे केले आणि पैसे परत करायची वेळ आली तेव्हा हातात रोख नाही, ॲसेट-लायबिलिटी मिसमॅच म्हणजे काय ते मला तेव्हा जे कळलं ते आजपर्यंत डोक्यातून गेलेलं नाही. पेपरात अर्थातच आलं, क्रेडिट रेटिंगचे फायदे व तोटे लिहा.

ह्या कोर्सची गंमत अशी की तो पूर्णपणे मास्तरावर आहे. परमनंट फॅकल्टी कमी, तासावर पैसे घेणारे व्हिजिटिंग जास्त, त्यातले काही वरच्या सरांसारखे हिरे आणि काही असे की नोट्सचा पीडीएफ ग्रुपवर टाकून मोकळे. आमच्या एका विषयाला एकाच सेममध्ये तीन मास्तर बदलले, तिसऱ्याने येऊन विचारलं कुठपर्यंत झालंय आणि आम्हालाच माहीत नव्हतं.

सिलॅबस मागे राहतो ही तर जुनी तक्रार आहे, पण फायनान्समध्ये ती जास्त टोचते. शेअर विकल्यावर सेटलमेंट आता टी प्लस वनला, म्हणजे सौद्याच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी होतं, २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअर्सना लागू झालंय, तरी मावसबहिणीच्या ओळखीतल्या एका मुलीच्या झेरॉक्स नोट्स बघितल्या तर त्यात अजून टी प्लस टू ठाण मांडून बसलेलं. इन्कम टॅक्सचा नवा कायदा आला, १९६१ चा जाऊन २०२५ चा, १ एप्रिल २०२६ पासून लागू, म्हणजे कलमांचे नंबर सगळे फिरले, तेव्हा सीनियरची जुनी टॅक्सची पुस्तकं अर्ध्या किमतीत मिळतायत म्हणून घेऊ नका, बाकी विषयांची खुशाल घ्या. आमच्या वेळी हे जीएसटीने झालं होतं, २०१७ च्या जुलैत तो आला तेव्हा आम्ही नुकतेच एसवायला गेलो होतो, टीवायला पोचेपर्यंत दुकानात नवीन पुस्तकं आली म्हणून सुटलो.

डेरिव्हेटिव्ह्जबद्दल एक वेगळंच सांगायचंय. हा पेपर सुरू झाला की वर्गातल्या निम्म्या मुलांच्या फोनवर ट्रेडिंग ॲप येतं. कॉल, पुट, पे-ऑफ डायग्राम फळ्यावर चालू आणि मागे कोणीतरी खऱ्या पैशांनी बँक निफ्टीचे ऑप्शन घेऊन बसलेला. एकाने वडिलांनी फीसाठी दिलेले पैसे घालवले, मग दोन महिने ऑफिसच्या मॅडमना चुकवत फिरत होता. शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे काढले, २०२१-२२ ते २०२३-२४ ह्या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये (फ्युचर्स अँड ऑप्शन्स) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात आणि सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. हे पान प्रत्येक कॉलेजने त्या पेपरच्या पहिल्या लेक्चरला वाटावं असं मला मनापासून वाटतं. पालकांनो, पोरगा फायनान्स शिकतोय म्हणून त्याला ट्रेडिंग येतं असं समजू नका आणि डिमॅटचा पासवर्ड देऊ नका.

ब्लॅकबुक. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शेवटच्या सेमला १०० मार्कांचा प्रोजेक्ट असतो, काळ्या रेक्झिनच्या बाइंडिंगमध्ये सोनेरी अक्षरं, म्हणून ब्लॅकबुक. कल्पना उत्तम आहे आणि अंमलबजावणी म्हणजे नुसता विनोद. विषय ठरलेले, म्युच्युअल फंडांविषयी गुंतवणूकदारांची जागरूकता, नाहीतर अमुक बँक आणि तमुक बँक यांचा तुलनात्मक अभ्यास. गुगल फॉर्म बनवायचा, क्लासच्या ग्रुपवर टाकायचा, सगळे एकमेकांचे फॉर्म भरतात, म्हणजे शंभर गुंतवणूकदारांचा सर्व्हे ज्यातले नव्वद जण वीस वर्षांचे आणि बिनपगारी. मग पाय चार्ट, मग त्याखाली वाक्य, वरील आकृतीवरून असे दिसते की. कॉलेजच्या बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे मागच्या वर्षीचे प्रोजेक्ट पेन ड्राइव्हमध्ये तयार, नाव बदलून प्रिंट आणि बाइंडिंग एकत्र. व्हायवाला एक्स्टर्नलने मला दोन प्रश्न विचारले, त्यातला एक होता कुठे राहतेस. ह्यापेक्षा एक लिस्टेड कंपनी घ्या, पाच वर्षांचे ॲन्युअल रिपोर्ट डाउनलोड करा, तिचे उधारीचे दिवस, स्टॉकचे दिवस, सप्लायरला द्यायचे दिवस काढा आणि का बदलले ते मॅनेजमेंट डिस्कशनमध्ये शोधा. इंटरव्ह्यूला हा प्रोजेक्ट बोलतो. माझ्या एका मैत्रिणीने असं केलं होतं एका पेंट कंपनीवर, तिचा इंटरव्ह्यू अर्धा तास त्यावरच चालला आणि नोकरी लागली.

फी सेल्फ फायनान्सची आहे हे विसरू नका. साध्या बीकॉमची ग्रँटेड, म्हणजे सरकारी अनुदानाची सीट त्यामानाने स्वस्तात होते, ह्याला आमच्या वेळी वर्षाला तिसेक हजार जायचे, टाउन साइडला किंवा ऑटोनॉमस कॉलेजला जास्त. वर आयव्ही, म्हणजे इंडस्ट्रियल व्हिजिट, नाव इंडस्ट्रियल आणि जायचं मनालीला, वाटेत कुठल्यातरी ज्यूसच्या फॅक्टरीत दोन तास. गेलं नाही तर कोणी मार्क कापत नाही, बिनधास्त नाही म्हणा. त्यापेक्षा एक दिवस लोकल पकडून फोर्टला जा, रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं म्युझियम बघा, येताना दलाल स्ट्रीटवरून बीएसईची बिल्डिंग बघत या, वडापाव धरून दोनशेत काम होतं. फेस्ट मात्र करा. स्पॉन्सर मागायला दुकानादुकानात फिरलं की लोकांना पैसे मागायची लाज जाते, आणि फायनान्सवाल्याला ती जायलाच हवी.

मराठी मीडियमच्या मुलामुलींसाठी खास. बीएमएसमध्ये प्रेझेंटेशन्स खूप, दर सेमला, फॉर्मल्स घालून, इंग्लिशमध्ये. शहापूर, बदलापूर, टिटवाळ्याकडून येणारी पोरं पहिल्या वर्षी ह्यानेच खचतात, आमच्यातली एक मुलगी अकाउंट्समध्ये वर्गात पहिली आणि प्रेझेंटेशनच्या दिवशी हमखास आजारी. तिला आम्ही जबरदस्ती उभी केली, पहिल्या वेळी कार्ड बघून वाचलं, टीवायपर्यंत तीच ग्रुप लीडर होती. इंग्लिश मोडकंतोडकं चालतं हो, ताळेबंद समजणाऱ्याचं मोडकं इंग्लिश इंटरव्ह्यूवाले ऐकून घेतात. पण लाजून बीकॉमला पळू नका, निदान ह्या कारणासाठी तरी नको.

आता नवीन पॅटर्न. आमच्या मुंबई साइडच्या साध्या कॉलेजांत एनईपी, म्हणजे नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२४-२५ पासून आलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञान परंपरा, स्किलचे दोन-दोन क्रेडिटचे पेपर, एका सेमला बावीस क्रेडिट, टाइमटेबल बघून माझं डोकं गरगरलं. तीन वर्षांनी डिग्री घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स. मावशीचा प्रश्न होता चौथं करायचं का, माझं उत्तर असं की एमबीए करायचं पक्कं असेल तर सहसा गरज नाही, परदेशी मास्टर्सचा विचार असेल तर त्या युनिव्हर्सिटीच्या अटी बघून ठरवा, आणि फक्त सगळ्या मैत्रिणी करतायत म्हणून तर अजिबात नको. नव्यातली एक गोष्ट मात्र मनापासून आवडली, ओजेटी, ऑन जॉब ट्रेनिंग, क्रेडिटसकट. हेच तर आम्हाला नव्हतं! ह्यासाठी ओळखीच्या काकांकडून सर्टिफिकेट आणून देऊ नका, खरंच कुठल्यातरी सीए फर्ममध्ये जाऊन बसा, व्हाउचर फाइल करायला लावलं तरी चालेल. एका दुकानदाराची बिलांची पिशवी उपसून त्याचा जीएसटी भरायला मदत केली ना, तर ते ३ लाख कुठून येतात ते कळायला लागतं.

कोणासाठी आहे मग हा कोर्स. सीएच करायचंय असं ठरलं असेल तर फी वाचवा आणि साधं बीकॉम घ्या किंवा बीएएफ, अकाउंटिंग अँड फायनान्स, त्यात अकाउंट्स, कॉस्टिंग, टॅक्स जास्त खोल आहे आणि सीए इंटरला उपयोगी पडतं. कॉमर्स ग्रॅज्युएशनला ५५ टक्के असतील तर फाउंडेशन न देता थेट इंटरला जाता येतं हेही लक्षात ठेवा, पण ज्याला सीए व्हायचंच आहे तो सहसा बारावीनंतरच फाउंडेशन देतो, उगाच तीन वर्षं थांबत नाही. बाजाराची आवड असेल तर बीएफएम, फायनान्शियल मार्केट्सवालं, बघा. एमबीए करायचंय, किंवा अजून नक्की काय ते माहीत नाही पण आकड्यांची भीती नाही, अशांना बीएमएस फायनान्स बरं पडतं कारण लॉ, मार्केटिंग, एचआर, रिसर्च सगळं थोडं थोडं चाखायला मिळतं. सीएफए ह्या गुंतवणुकीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेचं खूळ हल्ली फार आहे, लेव्हल वनला डिग्री पूर्ण व्हायच्या २३ महिने आधीपासून बसता येतं, म्हणजे एसवायनंतर शक्य आहे, पण फी डॉलरमध्ये, लाखाच्या आसपास जाते, तेव्हा आधी कॉर्पोरेट फायनान्समध्ये किती पडले ते बघा.

पगाराचं खरं खरं सांगते, ब्रोशरमध्ये असतं तसं काही नाही. आमच्या बॅचमध्ये नुसत्या बीएमएसवर लागलेल्यांना वर्षाला अडीच-तीन लाख, कामं म्हणजे केवायसी, फंड अकाउंटिंग, अकाउंट्स पेएबल, इन्शुरन्स कंपनीत सेल्स. ऐरोली, मालाड, पवई, शिफ्ट. मी रोज फंडाचा एनएव्ही (एका युनिटची किंमत) काढायला मदत करायचे, वेळेत गेला नाही तर बोंबाबोंब. कंटाळवाणं काम आहे पण शिस्त लावतं. ज्यांनी एक्सेल नीट शिकलं, पिव्होट आणि लुकअप म्हणजे नुसती नावं माहीत असणं नाही तर करून दाखवता येणं, ते सहा महिन्यांत पुढे गेले. एनआयएसएमच्या परीक्षा द्या, सेबीने सुरू केलेली संस्था आहे, म्युच्युअल फंड डिस्ट्रिब्युटरची सीरिज फाइव्ह ए सोपी आहे, इक्विटी डेरिव्हेटिव्हची सीरिज एट जरा कडक, निगेटिव्ह मार्किंग आहे आणि पासिंगला ६० टक्के. फी दीडेक हजार. दोन्ही टीवायच्या दिवाळीत उरकता येतात. बीएमएसची लेक्चर्स दिवसाला चार तास, उरलेला दिवस रिकामा, आणि तो रिकामा दिवस कोणी कसा घालवला त्यावर आमच्या बॅचचे आजचे पगार ठरलेत, मार्कशीटवर नाही.

कॉलेज निवडताना कट-ऑफ बघून थांबू नका. विचारा की फायनान्सला परमनंट टीचर किती, गेल्या वर्षी फायनान्स स्पेशलायझेशनला किती मुलं होती, कारण पुरेशी पोरं नसली तर काही कॉलेजं फायनान्स चालवतच नाहीत आणि सगळ्यांना मार्केटिंगला ढकलतात, हे प्रवेश झाल्यावर कळतं. ओजेटीसाठी कॉलेज स्वतः कुठे पाठवतं की तुमचं तुम्ही बघा म्हणतं, तेही विचारा. ऑफिसच्या खिडकीवर विचारलंत तर ब्रोशर हातात देतील. कॅन्टीनमध्ये टीवायची पोरं बसलेली असतात, त्यांना कटिंग पाजा, कोणता मास्तर शिकवतो आणि कोणता पीडीएफ टाकतो ते विषयवार सांगतील.